तुझी कमेंट मी पुसली

सुमन,

तुझ्या मानेवर दोन घाव होते आणि उजव्या हातावर एक. हात तू मध्ये घातलास, म्हणून तो तिसरा. माझ्या कथेच्या नवव्या भागात मी रायभानला गिरजावर चौदा घाव घालायला लावले होते, आणि त्याखाली तुझी कमेंट आली होती, "चौदा लागत नाई बाई. दोनात माणूस जाते." तेव्हा तुझा असा राग आला होता की फोन भिंतीवर आपटावा. आज तोच राग पुन्हा आलाय, त्याच वाक्याचा. आपलं म्हणणं खरं करून दाखवायची ही काय रीत झाली?

आज बारा दिवस झाले. लोक म्हणतात, 'गेली बिचारी'. गेली म्हणजे काय? तू कुठेही गेली नाहीस. तुला मारलं. तुझ्या नवऱ्यानं मारलं, मंगळवारी सकाळी, चुलीवर भात शिजत असताना, लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीनं. हे वाक्य मी रोज एकदा मोठ्यानं म्हणते. म्हटल्याशिवाय घास उतरत नाही.

परवा मूल गावातल्या माझ्या दुकानात एक जण उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला आला. ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान, तुला माहीतच आहे, रोज शंभर तऱ्हेची माणसं. काउंटरवर पेपर पडला होता, त्यात तुझा फोटो. तो बघून म्हणाला, "नाटकातल्या बाया म्हटलं का असंच होते." माझ्या हातात पंचिंग मशीन होतं. ते मी त्याच्या तोंडावर फेकलं. भुवई फुटली, रक्त त्याच्या फॉर्मवर सांडलं. मी माफी मागितली नाही. नवा फॉर्म काढून भरून दिला आणि म्हटलं, जा, दवाखाना समोर आहे. तो गेला. मग मी शटर अर्धं खाली ओढून स्टुलावर बसले. मला बरं वाटलं होतं, सुमन. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं होतं.

ज्यांना आपली ओळख माहीत नाही त्यांना वाटेल आपण जुन्या मैत्रिणी. आपण तर कमेंटमध्ये भांडून ओळखीच्या झालो. 'सूड रायभानाचा' हे तुमचं नाटक झाडीपट्टीच्या गावोगाव मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, लागायचं. संशयानं आंधळा झालेला रायभान तिसऱ्या अंकात आपल्या बायकोला, गिरजाला, कुऱ्हाडीनं मारतो. कुणीतरी ते मोबाइलवर उतरवून पसरवलं आणि रायभानचे चाहते तयार झाले. मग गोष्टींच्या एका अ‍ॅपवर लोक रायभानच्या पुढच्या-मागच्या कथा लिहायला लागले. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. त्यात सगळ्यांत जास्त वाचली जाणारी मी. मी रायभानला बालपण दिलं, सावत्र आई दिली, वैनगंगेच्या काठावर बसवून ढसाढसा रडवलं. बाया लिहायच्या, 'रायभानवर जीव जडला हो!' आणि मी प्रत्येकीला लाल बदाम पाठवायची.

आमचे कमेंटचे नियम होते. नियम मीच लिहिले होते आणि पहिल्या भागाच्या वर चिकटवून ठेवले होते. नुसतं 'छान' लिहायचं नाही, आवडलेली एक ओळ उचलून लिहायची. लेखकानं विचारल्याशिवाय चूक काढायची नाही. लेखकानं प्रत्येक कमेंटला उत्तर दिल्याशिवाय पुढचा भाग टाकायचा नाही. आमच्याकडे वाचक पात्र होऊनही बोलायचे, म्हणजे कुणी गिरजा होऊन लिहायची, कुणी तिची सासू. मग लेखकानं त्याच नाटकी थाटात उत्तर द्यायचं. फक्त तसं बोलायचं तर कमेंटच्या सुरुवातीला पात्राचं नाव लिहायचं. शेवटचा नियम असा की घरची दुखणी कमेंटमध्ये आणायची नाहीत. एकदा एका बाईनं कथेखाली आपल्या सवतीचं सगळं पुराण लिहिलं होतं, त्यावर चार दिवस धुमाकूळ चालला होता, तेव्हापासून तो नियम. मला अभिमान होता त्या नियमांचा. आमच्या कमेंटमध्ये किती शिस्त आहे, असं लोक म्हणायचे.

आणि त्या शिस्तीत तू आलीस. सगळ्यांची टोपणनावं, माझं 'धारदार', आणि तुझं खातं नुसतं 'सुमन'. ओळ उचलायची नाही, कौतुक करायचं नाही, थेट "चौदा लागत नाई बाई." माझे चाहते तुझ्यावर तुटून पडले. 'कोण ही अडाणी?' 'जमत असेल तर स्वतः लिहून दाखव!' एकीनं तर लिहिलं, 'हिलाच रायभानच्या हाती द्या.' मी त्या कमेंटलासुद्धा बदाम दिला. होय, दिला. पुढे आपण कितीदा भेटलो, पण त्याबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही.

तू काय केलंस? प्रत्येकीला उत्तर दिलंस. शिव्या देणारीला, खिदळणारीला, त्या 'हाती द्या'वालीलाही. "वाचल्याबद्दल धन्यवाद. मी खरंच अडाणी आहो, सातवी शिकली." मी खवळून विचारलं, तुम्हाला एवढा काय अनुभव? त्यावर तू लिहिलंस, "चार सीझन मरून राह्यली बाई. वडशाच्या कंपनीतली गिरजा मीच आहो."

माझे चाहते क्षणात गप्प झाले.

त्या हिवाळ्यात मी बस पकडून वडशाला आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांचे फलक, बुकिंगची ऑफिसं, आणि मागच्या एका खोलीत भर दुपारी तुमची तालीम. मी दारात उभी राहिले तेव्हा रायभान तुझे केस धरून तुला फरफटत होता. मग लाकडी कुऱ्हाड, चंदेरी कागद लावलेली. तू दोन घावांत मेलीस. किंचाळली नाहीस. तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि तू कुठेतरी खाली बघत राहिलीस. मी चौदा घावांत जे केलं नव्हतं ते तिथे झालं. तू उठलीस, परकर झटकलास आणि म्हणालीस, "या लेखिकाबाई. च्या घेता का?"

चहा पिताना मी विचारलं, मरताना खाली काय बघतेस? "पुढच्या लोकाईच्या चपला," तू म्हणालीस. "कोणाची तुटली, कोणाची नवी. मरताना आनखी काय पाहीन मानूस?" दहा वर्षं मी लिहितेय, एवढं मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी जे थोडं बरं लिहिलं ते तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, पण तू आणखी चढली असतीस.

रायभान करणारे देवरावभाऊ तिथेच बसले होते. एरवी गावात पिठाची गिरणी चालवतात. चेहऱ्यावर एवढ्या मिशा, आणि बोलणं अगदी हळू. तुझा नवराही होता, दाराशी मोटरसायकलला टेकून. तुला न्यायला यायचा. तो हसत देवरावभाऊंना म्हणाला, "भाऊ, तुमी लयच हलक्या हातानं मारता." आम्ही सगळे हसलो. तूही हसलीस. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्याच दिवशी मी तुझ्या गळ्याखालच्या हाडावर खूण पाहिली. विचारलं तर तू म्हणालीस, रायभानची. एकदा स्टेजवर कुऱ्हाड खरंच लागली. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी त्यावर खुनाच्या आधीच्या दिवसांचा अख्खा भाग लिहिला. गिरजाच्या हाडावरची खूण आणि त्या खुणेला ओठ लावून रडणारा रायभान. त्या भागाला आलेल्या कमेंटची उत्तरं द्यायला मला दोन दिवस लागले. तू एवढंच लिहिलंस, "हा भाग मले नाई आवडला."

तुझ्या मातीला देवरावभाऊ आले होते. मिशा काढून टाकल्या होत्या. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, मी तिले एक डाव पन लागू नाई देल्लं. चार सीझन. एक डाव पन नाई." आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचं नाक गळायला लागलं.

म्हणजे ती खूण कुणाची होती ते मला तुला जाळताना कळलं. आणि मी त्या खुणेवर प्रेमकथा लिहिली होती.

आपलं भांडण एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, "त्याले कारन काऊन देता? सावत्र माय, दारू, गरिबी. अशी कारनं त मले बी आहेत, मी कोनाले मारलं?" मी म्हणायची, कथेत माणूस समजून घ्यावा लागतो. तू म्हणायचीस, "मंग मले घ्या ना समजून." मी म्हणायची, गिरजा निष्पाप आहे, निष्पाप माणसाबद्दल लिहिण्यासारखं काय असतं? असली वाक्यं टाकून मी जिंकायची. मग एकदा फोनवर तू म्हणालीस, "एका भागात तिले पळू द्या, बाई. काही करू नोका, भारी काही लिहू नोका. फकत दरवाजा उघडा ठेवा आन पळू द्या." मी म्हटलं, गिरजा पळाली तर नाटकच संपलं, लोक वाचणार काय? तू म्हणालीस, "तेही खरं आहे."

त्यानंतर तुझे फोन कमी झाले. मला वाटलं, रुसलीस. तुझ्या आईकडून आता कळलं की तो रोज तुझा फोन हातात घ्यायचा. कुणाला लावला, कुणाचा आला, व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहिलं, सगळं तपासायचा. फक्त कथांचं अ‍ॅप उघडत नव्हता. 'पोरींच्या कहाण्या' म्हणायचा त्याला. म्हणजे बोलायला तुझ्याकडे एकच जागा उरली होती, आणि त्या जागेची मालकीण मी होते.

त्या रविवारी दुपारी मी तेविसावा भाग टाकला होता. कमेंट धडाधड येत होत्या. त्यात तुझी आली. शब्द मला पाठ आहेत: "त्यानं सकाऊनपासून कुऱ्हाड घासून ठेवली. लाकडं तर सारी फोडलेली आहेत. मले भेव लागून राह्यलं, बाई."

वर पात्राचं नाव नव्हतं.

आणि मी काय केलं? मी लिहिलं, "सुमन, पात्र म्हणून बोलायचं तर वर नाव लिहा. घरचं असेल तर इथे नको. नियम माहीत आहेत ना?" शेवटी हसरा चेहराही टाकला. घरचं असेल तर! म्हणजे माझ्या डोक्यात तो विचार आला होता. आला, आणि मी त्याला नियमात गुंडाळून बाजूला ठेवलं. मला थोडी मौजच वाटली होती की चला, सुमन अखेर आमच्या खेळात उतरली, आता हिला शिस्त लावू.

दहा मिनिटांनी तुझी दुसरी कमेंट आली. तेच शब्द, आणि वर 'गिरजा'. तू माझं ऐकलंस. तो खोलीत आला होता का? की तुला वाटलं, या बाईशी बोलायचं तर असंच बोलावं लागेल? मला कधीच कळणार नाही.

मग मी तुझी पहिली कमेंट पुसली. माझी समजही पुसली. पान नीटनेटकं दिसावं म्हणून. आणि नियमाप्रमाणे रायभान होऊन तुला उत्तर दिलं: "भी, गिरजे, भी! लाकडं संपली तरी माझ्या कुऱ्हाडीची भूक संपली नाही!" लोक खुळावले त्यावर. बदामांचा पाऊस पडला. मी संध्याकाळभर फोन उघडून ते बदाम बघत होते, आणि तिकडे तू ते उत्तर वाचत होतीस.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी तुला मारलं.

तुझ्या मातीनंतर तीन दिवस मी त्याला मनात मारत होते. दोन घावांत नाही, चौदातही नाही. त्याचे केस धरून मी त्याला तुझ्या अंगणातून फरफटत नेलं, त्याच्या त्या हसऱ्या तोंडावर दगड घातला. त्याला मी कसलंच बालपण दिलं नाही. पण दर वेळी शेवटी तो मान वर करून माझंच वाक्य म्हणायचा, भी, गिरजे, भी. मग मी थांबायची. मला त्याच्याएवढीच माझी किळस येते, सुमन, आणि हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

मग कळलं की तो पोलिसांना सांगतोय, रागाच्या भरात झालं, आधी मनात काहीच नव्हतं. तेव्हा मी उठले. रविवारी सकाळपासून कुऱ्हाड घासत बसलेल्या माणसाचा तो कसला रागाचा भर? आणि हे त्याच्याशिवाय जगात दोघींनाच माहीत होतं, तुला आणि मला. पण त्याचे भाऊही हुशार निघाले. अ‍ॅपवर जे राहिलं होतं ते त्यांनी आधीच ठाण्यात दाखवलं. गिरजा म्हणते भीती वाटते, रायभान म्हणतो भी. साहेब, हे नाटकाचं लिहिणं आहे, या बाया दिवसभर हेच करतात. तू खरं लिहिलेलं मी पुसलं, आणि तुला जे लिहायला लावलं ते त्याच्या कामी आलं.

काल मी ठाण्यात गेले. जबाब लिहून घ्यायला पोलीसबाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. बाकावर तुझी आई बसली होती. मी तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "तूच का ते कहान्या लिहिनारी? माही सुमन लय नाव घे तुह्यं." मग पोलीसबाईंकडे न बघताच म्हणाली, "मले वाचता नाई येत. तिनं काय काय लिहिलं ते सारं वाच. पहिल्यापासून."

मी फोन उघडला आणि वाचायला लागले. 'चौदा लागत नाई बाई.' 'मी खरंच अडाणी आहो.' तिथे तुझी आई चक्क हसली. "सातवी नाई, सहावी. सातवीत नापास झाल्ती." मी पुढे वाचत गेले. 'त्याले कारन काऊन देता.' 'हा भाग मले नाई आवडला.' तुझा आवाज माझ्या तोंडातून येत होता. ठाण्यातला एक हवालदार चहाचा कप हातात धरून उभा राहिला. तेविसाव्या भागापाशी मी थांबले.

"इथे एक होती," मी म्हटलं. "ती मी पुसली."

पोलीसबाई म्हणाल्या, पुसलेली मिळते का ते अ‍ॅपवाल्यांना पत्र लिहून विचारू, वेळ लागेल, तोवर शब्दन् शब्द आठवून सांगा. मी सांगितले. त्यानं सकाऊनपासून कुऱ्हाड घासून ठेवली. लाकडं तर सारी फोडलेली आहेत. मले भेव लागून राह्यलं, बाई. त्या लिहीत होत्या. तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मंग तू काय म्हटलं तिले?"

मला रायभानचं वाक्य आधी सांगता आलं असतं. ते भयंकर होतं, पण नाटकातलं होतं. मी त्याच्या आधीचं सांगितलं. "म्हटलं, वर नाव लिहा."

"नाव नोयतं?"

"होतं. खात्याचं होतं."

"कोनतं?"

"सुमन."

तुझ्या आईनं मान हलवली, लहान पोराला समजून घ्यावं तशी. "मंग?" ती म्हणाली.

पोलीसबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, हे पण जबाबात घ्यायचं का, मॅडम?

मी म्हटलं, लिहा.